पहिली कोण ते कळलं, दुसरीचं काय?

दरवर्षी ३१ मार्च जवळ आला की आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात एक वाद हमखास उकरला जातो. आनंदीबाई जोशींचा जन्म १८६५ साली त्या दिवशी कल्याणात झाला, म्हणून इकडच्या शाळा, वाचनालयं, महिला मंडळं त्यांची जयंती आपुलकीने करतात. आणि अशा कार्यक्रमात कोणीतरी उठून विचारतंच: ज्या बाईंना मायदेशी एक दिवसही दवाखाना चालवता आला नाही, त्यांना पहिली स्त्री डॉक्टर कसं म्हणायचं? मग कोणी कादंबिनी गांगुलींचं नाव पुढे करतं, कोणी रखमाबाईंचं. समोरून उत्तर येतं, आधी पदवी कोणाला मिळाली ते बघा. तारखा काढल्या जातात, प्रॅक्टिस कशाला म्हणायचं यावर घासाघीस होते, आणि बघता बघता वादाला बंगाली विरुद्ध मराठी असा रंग चढतो. नौपाड्यातल्या अशाच एका कार्यक्रमात अलीकडे हा वाद बराच वेळ रंगला. समोर शाळेच्या गणवेशातल्या मुली बसल्या होत्या. त्यांच्यापैकी जिला डॉक्टर व्हायचंय, तिच्या उपयोगाचं एक वाक्यही त्यात कोणी बोललं नाही.

माझं म्हणणं असं, की हा वाद दोन्ही बाजू चुकीच्या जागी लढवताहेत. पहिली कोण, याची नोंद नीट व्हायलाच हवी. पण स्त्रियांनी वैद्यकीय पेशात प्रवेश केला असं कधी म्हणायचं, हे पहिलीवरून ठरत नाही. पहिली बाई एखाद्या नियमातल्या फटीतून, एखाद्या विक्षिप्त नवऱ्याच्या हट्टामुळे, एखाद्या परक्या बाईच्या मायेमुळे, किंवा निव्वळ स्वतःच्या जिवावर उदार होऊन आत शिरू शकते. दुसरीला आत यायचं तर तेवढं पुरत नाही. तिच्यासाठी कोणीतरी नियम बदलावा लागतो, पैसा उभा करावा लागतो, वसतिगृह बांधावं लागतं, नोकरीची जागा निर्माण करावी लागते. म्हणून समाजाची परीक्षा दुसरीच्या वेळी होते. आणि दुसरीबद्दल आपण कधी बोलतच नाही.

हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढे त्यांची सख्खी धाकटी बहीण एमिली त्याच कॉलेजात प्रवेश मागायला गेली, तर तिला नकार मिळाला. इंग्लंडात एलिझाबेथ गॅरेट यांनी १८६५ साली, म्हणजे आनंदीबाई जन्मल्या त्याच वर्षी, औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेच्या नियमात स्त्रियांना मनाई लिहिलेली नाही हे हेरून परवाना मिळवला. संस्थेने काय करावं? नियम असा बदलला, की गॅरेटबाईंच्या वाटेने दुसरी कोणी येऊ नये. पुढची दहा-बारा वर्षं ब्रिटनमध्ये नव्या बाईला ते दार बंदच राहिलं. या दोन्ही ठिकाणी पहिली झालीच होती. मग प्रवेश झाला होता का? पहिलीचा सत्कार आणि दुसरीला दार बंद, या दोन गोष्टी एकाच वेळी सुखाने नांदू शकतात, हे जगाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं.

आता आपल्या आनंदीबाईंकडे येऊ. त्या ज्या कॉलेजात शिकल्या ते फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली स्थापन झालेलं, मुद्दाम स्त्रियांसाठीच. म्हणजे आनंदीबाई तिथे पोहोचल्या तेव्हा त्या दाराची बिजागरी तीस-बत्तीस वर्षं वापरात होती. डीन रेचल बॉडली यांनी त्यांच्या अर्जाची कदर केली, शिष्यवृत्ती मिळाली, रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. आनंदीबाईंची जिद्द लोकोत्तर होती यात शंकाच नाही. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हापासून त्यांच्या मनात हे घर करून बसलं होतं. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं त्यांनी कॉलेजला स्पष्ट लिहिलं होतं. पण ती जिद्द फळाला यायला फिलाडेल्फियात एक तयार व्यवस्था होती. इथे काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर मला फार अस्वस्थ करतं. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. त्याच १८८३ साली मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज या दोघांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी फंड उभा करायला घेतला. त्यांच्या मागण्या रोकड्या होत्या: इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणायच्या, स्त्रियांनी चालवलेलं स्त्रियांचं रुग्णालय काढायचं, आणि ग्रँट मेडिकल कॉलेज मुलींना खुलं करायचं. तेही दार त्याच वर्षी उघडलं. पेस्तनजी होरमसजी कामांच्या देणगीतून १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. कल्याणला रेल्वे १८५४ सालीच पोहोचलेली. ज्या भायखळ्याला ग्रँट कॉलेज आहे, ते स्टेशन याच मार्गावर, कल्याणहून जेमतेम पन्नास किलोमीटर. कल्याणच्या मुलीला डॉक्टर व्हायला बोटीतून दोन महिने प्रवास करून ४ जूनला न्यूयॉर्कला उतरावं लागलं, आणि ती समुद्रावर असताना तिच्या घराजवळचं दार उघडण्याची खटपट चालली होती. हे दार पाच वर्षं आधी उघडलं असतं तर? परक्या मुलुखातली थंडी, परकं अन्न, घरच्यांपासून तीन-साडेतीन वर्षांची ताटातूट, तिथेच जडलेला क्षय, यातलं किती टळलं असतं?

यावर कोणी म्हणेल, मद्रासला १८७५ पासून मुली वैद्यकी शिकत होत्या, आनंदीबाईंना तिथे जाता आलं असतं. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचं उत्तर खुद्द आनंदीबाईंनीच देऊन ठेवलंय. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं, त्यात मद्रासचा विषय आहे. तिथलं शिक्षण अपुरं आणि शिकवणारे जुन्या मताचे, असं त्यांनी सांगितलं. रस्त्याने जाता-येता लोक कसा त्रास देतात, तेही सांगितलं. म्हणजे कागदावर दार उघडं असणं आणि त्यातून एका सोवळ्या घरच्या मुलीला सन्मानाने आत जाता येणं, यातला फरक अठरा वर्षंही पुरी न झालेली पोर भर सभेत मांडत होती. आपण तिचं धाडस तेवढं लक्षात ठेवलं, तिची तक्रार विसरलो.

कादंबिनीबाईंच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मराठी वाचकाने त्यांची दखल फार उशिरा आणि फार कमी घेतली. आनंदीबाईंप्रमाणे त्याही १८८६ सालीच, कलकत्ता मेडिकल कॉलेजातून, पात्र ठरल्या, पुढे स्कॉटलंडला जाऊन आणखी पात्रता मिळवून आल्या, आणि १९२३ साली मृत्यू येईपर्यंत काम करत राहिल्या. संसार होता, मुलं होती. एका बंगाली वर्तमानपत्राने त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली तेव्हा त्यांनी कोर्टात खेचलं आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. अशी बाई आपल्या पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात असेल तर ती आपली चूक आहे. पण त्यासाठी आनंदीबाईंना पायउतार का करायचं? दोन बायकांनी दोन दिशांनी एकाच भिंतीला धडक दिली. त्यांच्यात शर्यत आपण लावली. एकमेकींना हरवायला त्या निघाल्याच नव्हत्या.

गोपाळरावांचं श्रेय हा दुसरा आवडता विषय. मोठं श्रेय त्यांचं आहेच. एका पोस्टातल्या नोकरदाराने त्या काळात बायकोला शिकवण्यासाठी जातभाईंचा रोष ओढवून घेतला, मिशनऱ्यांना पत्रं लिहिली, बदल्या करून घेतल्या. पण आनंदीबाईंनीच अमेरिकेतून त्यांना लिहिलेलं पत्र वाचा: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं. हे सारं त्या विसरल्या नव्हत्या. एखादीचं शिक्षण नवऱ्याच्या लहरीवर अवलंबून असेल, तर ती लहर दयाळू निघो की क्रूर, ती व्यवस्था नव्हे. ज्या घरात गोपाळराव नाहीत त्या घरातल्या मुलीने काय करायचं?

याचं उत्तर मिळतं रखमाबाईंकडे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी जागा हीच. रखमाबाई आनंदीबाईंपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. नवरा, दादाजी भिकाजी, १८८४ साली कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला, पण खटला फिरून उभा राहिला. आता या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच, ४ मार्च १८८७ रोजी, न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. त्यांच्या विरोधात कोण होतं? लोकमान्य टिळकांसारखे लोकही होते. नवऱ्याच्या संमतीने सातासमुद्रापार गेलेल्या मुलीसाठी डोळे भरून येणाऱ्या समाजाला नवऱ्याला नाही म्हणणारी मुलगी मात्र सोसवत नव्हती. एकीचं कौतुक करून समाजाने स्वतःला फार काही बदललं नव्हतं, हे त्या एका आठवड्यात उघडं पडलं.

आणि तरी रखमाबाई डॉक्टर झाल्या. कशा? १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना पाठबळ देणाऱ्यांत कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची होत्या. या पेचीबाई एडिंबराच्या त्या सात मुलींपैकी एक, ज्यांच्या अंगावर १८७० साली परीक्षेच्या दारात पोरांनी चिखल फेकला होता आणि विद्यापीठाने शेवटपर्यंत पदवी दिली नाही. त्यांना मुंबईत आणलं होतं त्याच १८८३ च्या फंडाने. रखमाबाई शिकल्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात, जे पेचींच्या सहकारी सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये उभं राहिलं होतं. १८९४ साली पात्र होऊन त्या परतल्या आणि सुरत व राजकोटला तीस-पस्तीस वर्षं रुग्णसेवा केली. फंड, रुग्णालय, विद्यालय, आधी येऊन गेलेल्या बायका: ही साखळी होती म्हणून ज्या बाईला समाज तुरुंगात घालायला निघाला होता ती रुग्णालय चालवू शकली. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर नेमणूक झाली होती, पण आजारपणाने त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. पुढे त्याच कोल्हापुरात डॉ. कृष्णाबाई केळवकर वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. ठाण्यातल्या किती कार्यक्रमांत कृष्णाबाईंचं नाव ऐकलंय? त्या पहिल्या स्त्री डॉक्टर नव्हत्या ना.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेते. मुलींना प्रेरणा चेहऱ्यातून मिळते, फंडाच्या जमाखर्चातून नाही. आनंदीबाईंचं ते नऊवारीतलं छायाचित्र भिंतीवर बघून कितीतरी मुलींनी मनाशी काही ठरवलं असेल. खरं आहे. फंड काढणाऱ्यांनाही कोणाची तरी कहाणी ऐकूनच जाग येते. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे स्त्री डॉक्टरांची गरज पोटतिडकीने मांडली, तिचा आवाज थेट विलायतेपर्यंत गेला. म्हणून मी प्रतीकं नाकारत नाही. माझा विरोध आहे तो त्या प्रतीकातून आपण काढत असलेल्या धड्याला. "जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही" हा धडा आपण मुलींना देतो. तो ऐकून जिला जमलं नाही ती स्वतःलाच दोष देते, आणि ज्यांच्या हातात दार होतं ते सुटतात. आनंदीबाईंना जिद्दीची कमतरता होती का? तरी त्या एकविसाव्या वर्षी गेल्या.

आणि हा प्रश्न जुना झाला असंही कोणी म्हणू नये. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसणाऱ्यांत आता मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते, म्हणून प्रवेशाचा विषय संपला, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. माझी भाची आपल्याच पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात हाडांच्या विभागात रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी निवासी डॉक्टर आहे. तिच्या तुकडीत ती एकटी मुलगी. मांडीचं हाड जागेवर बसवून, प्लास्टर घालून हात धुवायला वळली की मागून पेशंटचे नातेवाईक विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" ते ती हसण्यावारी नेते. जे नेता येत नाही ते वेगळं. त्या विभागात रात्रपाळीला झोपायची खोली एकच, मुलग्यांची. म्हणून ती दुसऱ्या मजल्यावर स्त्रीरोग विभागाच्या मुलींच्या खोलीत जाते. तिथल्या दाराची कडी लागत नाही. "मावशी, आम्ही आतून सलाइनचा स्टँड लावतो दाराला," ती म्हणाली, "कोणी ढकललंच तर तो पडतो आणि आवाज होतो." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. नवीन येणाऱ्या मुलीला जशी कँटीनची वेळ सांगतात तसं सांगितलं. स्त्रीरोग किंवा बालरोग घे, हाडं-बिडं नको, असं तिला घरापासून कॉलेजापर्यंत किती जणांनी सुचवलं ते वेगळंच.

कडी न लागणारं दार ही क्षुल्लक गोष्ट वाटते का? १९७३ साली केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग कपडे बदलायला तळघरात गेल्या आणि तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांबलचक ड्युटीनंतर एक तरुण डॉक्टर सेमिनारच्या खोलीत विसाव्याला गेली आणि तिची हत्या झाली. दोन्ही गुन्ह्यांना गुन्हेगार जबाबदार, यात वाद नाही. पण एकीला कपडे बदलायला आणि दुसरीला पाठ टेकायला सुरक्षित, हक्काची खोली नसावी, हे कोणाच्या जबाबदारीत येतं? कोलकाता ही कादंबिनीबाईंची कर्मभूमी. तिथे पहिल्या बाईने डॉक्टरी सुरू करून तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती. महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांनीही तेव्हा संप केला, सर्वोच्च न्यायालयाने कृती दल नेमलं. त्यानंतर आपल्या गावातल्या रुग्णालयात नेमकं काय बदललं, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन विचारलं?

आनंदीबाईंना डॉक्टर व्हायचं होतं ते पेशंट बाईसाठी, हेही आपण सोयीस्कर बाजूला ठेवतो. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरची अडलेली बाई आजही वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचली तर नशीब. तिला तिच्या तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता सिझेरियन करणारी डॉक्टर हवी. ती डॉक्टर तिथे राहायला कधी तयार होईल? तिला राहायला धड क्वार्टर असेल, दाराशी दिवा असेल, भूल देणारा डॉक्टर हजर असेल, तिचं तान्हं मूल सांभाळायची सोय असेल तेव्हा. हे काही न करता बदलीचा कागद हाती द्यायचा आणि ती रुजू झाली नाही की आजकालच्या डॉक्टरणींना सेवाभाव उरला नाही म्हणायचं, हा अन्याय आहे, आणि तो दुहेरी आहे: डॉक्टरवर आणि पाड्यावरच्या बाईवरही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पुढच्या ३१ मार्चला ठाणे, कल्याण, नवी मुंबईत जे कार्यक्रम होतील, तिथे व्यासपीठावर एक खुर्ची शहरातल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या रेसिडेंट मुलीसाठी ठेवा, आणि नगरसेवकाला श्रोत्यांत बसवून तिचं ऐकायला लावा. तिन्ही महापालिकांनी आपापल्या रुग्णालयांबद्दल दरवर्षी चार गोष्टी जाहीर कराव्यात: कोणत्या विभागात किती स्त्री डॉक्टर आहेत, त्यांच्यासाठी आतून कुलूप लागणाऱ्या वेगळ्या खोल्या किती, रात्री चालू असणारी स्वच्छतागृहं किती, आणि पाळणाघर आहे की नाही. यातलं काहीही अवघड नाही, फार खर्चाचंही नाही. शस्त्रक्रिया आणि अस्थिरोगाच्या विभागप्रमुखांनी गेल्या पाच वर्षांत किती मुलींनी त्यांचा विषय घेतला आणि किती जणी मधेच सोडून गेल्या, हेही सांगावं. आणि सोडून गेलेल्या मुलींना का सोडलं ते विचारून लेखी नोंदवावं.

माझी भाची पुढच्या वर्षी पास होऊन बाहेर पडेल. त्या विभागात तिच्या मागे एक मुलगी आली आहे, पहिल्या वर्षाला. तिच्यासाठी कडीचा अर्ज दोघींनी मिळून दिलाय.